उडी तबकडीतली की गाण्यातली

आमच्या माहेरी कुणी कुणाचं ऐकून घ्यायचं नाही. वडील, दोन्ही काका, आत्या सगळे एकदम बोलायचे आणि शेवटी आई भांडी आपटायची. अशा घरातली मुलगी पुढे जर्मनीत जाऊन निव्वळ ऐकण्याचा पगार घेईल, असं कुणी सांगितलं असतं तर आधी मीच हसले असते. पण तसं झालं खरं. स्टुटगार्टजवळच्या एका तबकड्यांच्या कारखान्यात मी बरीच वर्षं कानांवर नोकरी केली. आमचे हे म्हणायचे, "आपल्याकडे लोक फुकट कान भरतात, हिचे कान भरून वर पगार देतात." विनोद एकच, आणि दर पाहुण्यापुढे तोच.

हे तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करायला गेले होते. पन्नासचं दशक संपत आलं होतं. टेकडीच्या उतारावर एका घरात आमची भाड्याची खोली. हे सकाळी जे जायचे ते दिवेलागणीला यायचे आणि मी दिवसभर खिडकीत बसून समोरच्या बाईचे पडदे मोजायची. माझी ती दशा घरमालकिणीला बघवेना. तिची चुलतबहीण, फ्राउ इल्झं, त्या कारखान्यात 'ऐकणाऱ्या' बायकांची प्रमुख होती. तिच्यापुढे मला नेऊन उभं केलं.

फ्राउ इल्झं युद्धात नवरा गेलेली, पन्नाशीची, हसण्याचं रेशन असल्यासारखी बाई. तिनं माझ्या कानांवर हेडफोन चढवले, एक तबकडी लावली आणि काय ऐकू आलं ते सांग म्हणाली. माझं जर्मन तेव्हा भाजीबाजारापुरतं. मी म्हटलं, एक माणूस गातो, बायका साथ करतात, आणि मध्येच कुणीतरी कप खाली ठेवतं. तो कप म्हणे त्या खोलीत आजवर दोघींनाच ऐकू आला होता. सोमवारपासून ये म्हणाली.

आडनावाची मात्र पहिल्या दिवशीच वाट लागली. 'साने' हे लिहिलेलं जर्मन माणूस 'झाने' असं वाचतो, आणि झाने म्हणजे त्यांच्याकडे दुधावरची साय. फ्राउ झाने, म्हणजे सायबाई. कँटीनमध्ये कॉफी घेताना कुणीतरी हमखास विचारायचं, सायीसकट की सायीशिवाय. सुरुवातीला मी चिडायची. मग मीच आधी विचारायला लागले.

आता काम काय होतं ते सांगते, कारण हल्लीच्या मुलांना गाणं हवेतून येतं असंच वाटतं. तबकडी तयार व्हायची ती पुरणपोळीसारखी. काळ्या प्लास्टिकचा गरम उंडा मशीनवर ठेवायचा, त्याच्या वर एक धातूचा साचा आणि खाली एक. दाब पडला की उंडा पसरायचा आणि साच्यावरच्या रेघा त्याच्यावर उमटायच्या. त्या रेघेतच गाणं असतं. कडा कापल्या की तबकडी तयार. प्रत्येक घाण्यातली एखाददुसरी तबकडी आमच्या खोलीत यायची. आम्ही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. खरखर, टक्‌टक्, आवाजाचं डुलणं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे 'श्प्रुंग'. श्प्रुंग म्हणजे उडी. रेघेत कचरा किंवा फोड आला की सुई उडून मागच्या रेघेत पडते आणि गायक जे आत्ता म्हणाला तेच पुन्हा म्हणतो, कधी एकदाच, तर कधी अडकून परत परत. उडी सापडली की आम्ही दारात जाऊन सांगायचं, आणि मशीन थांबायचं. लेखी-बिखी नंतर. आमच्या तोंडचा शब्द आधी.

तक्रारीही आमच्याच खोलीत यायच्या. एका निवृत्त मास्तरांनी नाताळची गाणी परत पाठवली, का तर प्रत्येक गाण्यामागे घड्याळ वाजतं. आम्ही ती तबकडी उलटीसुलटी ऐकली, काही नाही. दुसरी पाठवली, तीही परत. शेवटी फ्राउ इल्झं स्वतः त्यांच्या घरी गेली. ग्रामोफोन ठेवला होता त्याच कपाटात त्यांचं मोठं लंबकाचं घड्याळ होतं. बायको जाईपर्यंत घरात आवाज असायचा, म्हणून घड्याळ कधी ऐकू आलं नव्हतं त्यांना. फ्राउ इल्झंनं त्यांच्याकडे कॉफी घेतली, ग्रामोफोन दुसऱ्या खोलीत हलवून दिला आणि येऊन आम्हाला म्हणाली की तक्रार बरोबर होती.

नापास तबकड्यांना आउसशुस म्हणायचे, म्हणजे टाकाऊ माल. तो दळून परत वितळवायचे. पण शुक्रवारी त्या पेटीतून एखाददुसरी तबकडी घरी न्यायची आम्हाला मुभा होती, लेबलावर लाल काट मारून. मग कोण कशाला दुकानातून विकत घेईल? आमच्या कारखान्यातल्या घराघरांत असलीच खोडीची गाणी वाजायची. आमच्याकडे एक वॉल्ट्झ होता, त्यात मध्येच फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड व्हायची. यांनी तोच वॉल्ट्झ एकदा मित्राकडे स्वच्छ ऐकला आणि मला म्हणाले, काहीतरी राहिलंय गं यात.

तर अशा दिवसांत ते गाणं आलं. आसपास अमेरिकन सैनिकांच्या छावण्या होत्या, ब्योब्लिंगेनकडे तर होत्याच, आणि त्यांच्यामागोमाग रॉक अँड रोल आलं. हे गाणं अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका कृष्णवर्णीय गायकाचं, आणि तिथली तबकडी आमच्याच मशीनवर निघायची. बस सुटलीय, बसमध्ये त्याची मैत्रीण बसलीय, आणि हा मागून धावतोय. एवढंच गाणं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो "वेट फॉर मी" म्हणून हाक मारतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा गातोय की याला कुणी चिमटा काढलाय? माझे कान बालगंधर्वी थाटाच्या गाण्यांवर वाढलेले. पण दिवसभर तेच ऐकायचं म्हटल्यावर माणूस काय करेल? आठवड्याभरात माझा पाय टेबलाखाली हलायला लागला. फ्राउ इल्झंनं पायाकडे पाहिलं आणि पुढची तबकडी माझ्यापुढे सरकवली.

अमेरिकन गाणं चाललं रे चाललं की जर्मन कंपन्या त्याच चालीवर जर्मन शब्द बसवून आपल्या गायकाकडून ते गाऊन घ्यायच्या. कव्हर म्हणतात त्याला. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर गणपतीची गाणी बसवतात, तसंच. तिथल्या आकाशवाणीला जर्मन शब्द बरे वाटायचे आणि आईबापांनाही. एकाच गाण्याची दोनतीन कव्हरं निघायची आणि ज्याचं दुकानात आधी पोचेल त्याचं नाणं खणखणीत. नंतर पोचणाऱ्याला कुत्रं विचारत नसे.

आमच्या कंपनीला या गाण्याचं कव्हर घाईनं हवं होतं. दुसऱ्या एका कंपनीची गायिका स्टुडिओत जाऊनसुद्धा आली होती. कंपनीतर्फे गाणी बसवणारे हेर ब्रांट म्हणून एक गृहस्थ होते, बो लावणारे, कायम कुठल्यातरी गाडीला उशीर झालेले. ते कशासाठीतरी कारखान्यात आले आणि मशीनच्या खडखडाटावरून त्यांना एक आवाज ऐकू आला. ती गेर्डा.

गेर्डा मशीनवर उंडे ठेवायची. विशी ओलांडलेली, उंच, हातांवर भाजल्याचे डाग. युद्धानंतर पूर्वेकडून हातगाडीवर सामान घालून आलेल्या लोकांतली. आई लोकांच्या घरांचे जिने पुसायची. शनिवारी गेर्डा ब्योब्लिंगेनच्या एका गास्टहाउसमध्ये, म्हणजे खानावळीत, नाचाच्या वेळी बँडबरोबर गायची, आणि ते आईला मुळीच पसंत नव्हतं. माझ्याशी तिचं जमायचं, कदाचित मीही परक्या मुलखातली म्हणून. कँटीनमध्ये एकदा तिनं मला विचारलं होतं की तुमच्याकडे गाणाऱ्या मुलींना नावं ठेवतात का. मी म्हटलं, ठेवतात, पण नावं ठेवून झाली की पुढच्या रांगेत जाऊन बसतात. त्यावर ती हसली आणि मग म्हणाली की तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी आहे. तिच्या आवाजाची एक तबकडी निघावी, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं मशीनवर काढावी. एकच. पुढचं काही मागणं नाही.

हेर ब्रांटनी तिच्या हातात जर्मन शब्द ठेवले. चाल शिकवायला लागली नाही, ती तिच्याकडे होतीच. घरी तबकडी होती ना. एक दिवसाची रजा काढून ती स्टुटगार्टला गेली, बँडबरोबर गायली, परत आली. हेर ब्रांट फार खूश होते म्हणाली. विशेषतः एका जागेवर. 'काय सुचलंय तुला,' असं त्यांनी दोनदा म्हटलं. तिला काही कळलं नाही, पण मोठ्या माणसाला उलट काय विचारायचं, म्हणून तिनं नुसती मान हलवली.

साचा आला, आणि मशीनवर पाळी गेर्डाचीच होती. फोरमन हेर लुट्झ खडूस माणूस, पण त्यांनीच ती पाळी तिला लावली होती. पहिला घाणा निघाला आणि तबकडी माझ्या टेबलावर आली. मी हेडफोन चढवले. छान आवाज होता हो. मोकळा, जरासा खरबरीत, पोटातून येणारा. पहिलं कडवं संपलं आणि ती म्हणाली, "वार्ट आउफ... वार्ट आउफ मिश." थांब माझ्या... थांब माझ्यासाठी.

उडी. मी सुई उचलली. दुसरी तबकडी घेतली, त्याच जागी तेच. तिसरी फ्राउ इल्झंनं घेतली, तिलाही तेच. सगळ्या तबकड्यांत एकाच जागी उडी म्हणजे साचाच बाद. नवा साचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि तोवर दुसऱ्या कंपनीचं गाणं दुकानात गेलेलं असणार. फ्राउ इल्झं दारात गेली, "श्प्रुंग" म्हणाली, आणि मशीन थांबलं.

मी मात्र चौथ्यांदा ऐकत होते, कारण काहीतरी खटकत होतं. खऱ्या उडीला आधी एक बारीक टक् असते, सुईचा पाय घसरल्याचा आवाज. इथे ती नव्हती. आणि उडी खरी असती तर ढोलही मागे गेला असता. ढोल इथे आपला सरळ पुढे चालला होता. मागे गेली होती ती फक्त बाई. मी फ्राउ इल्झंला ते दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "गेनाऊ. अगदी बरोबर. ही उडी तिनं गायलीय."

मशीन का थांबलं ते विचारायला गेर्डा दारात उभीच होती, एप्रनला हात पुसत. मी तिला विचारलं, हे गाणं तू कशावरून शिकलीस. घरच्या तबकडीवरून, म्हणाली. लाल काट मारलेल्या? हो, तीच. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अमेरिकन गाण्याच्या पहिल्या घाण्यांपैकी एकाला मी उडीसाठी नापास केलं होतं. त्या पेटीतलीच एक तबकडी ही घरी घेऊन गेली होती. तिनं ते गाणं दुसरीकडे कुठे नीट ऐकलंच नव्हतं. घरी एक जुना ग्रामोफोन तेवढा होता, रेडिओ नव्हता, आणि मशीनवर उभं राहिलं की गाणं दिसतं, ऐकू येत नाही. इंग्रजीही येत नव्हतं. तिला वाटलं, गाणं असंच आहे. तो माणूस धावता धावता दमतो, अर्ध्यावर तुटतो आणि परत हाक मारतो.

फ्राउ इल्झंनं कपाटातली चांगली तबकडी काढली आणि गेर्डाला हेडफोन दिले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि बघवत नव्हतं. ती जागा आली आणि गेली.

"तो एकदाच म्हणतो?"

मी म्हटलं, "एकदाच."

ती कानापर्यंत लाल झाली. मग हळूच म्हणाली, "फ्राउ झाने, ही उडीच आहे म्हणून सांगा. साच्यात आहे म्हणा. मी परत गाते, नीट गाते. नाहीतर सगळ्यांना कळेल की मी टाकाऊ पेटीतून गाणं शिकले."

परत गायला वेळ नव्हता आणि ते तिलाही माहीत होतं. तबकडी निघाली नाही तर हेर ब्रांट तिच्याकडे पुन्हा ढुंकून बघणार नव्हते. आणि निघाली तर ती आयुष्यभर त्या एका जागेसाठी मान खाली घालणार. मला खरंच ठरवता येईना. तेवढ्यात हेर लुट्झ दारात आले आणि काय ते एकदा सांगा म्हणाले, मशीन गार होतंय.

फ्राउ इल्झंनं त्यांना हातानं थांबवलं. तिनं दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकल्या. आधी त्याची, मग हिची. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात एक उडी पास केली नव्हती, ती हेडफोन काढून गेर्डाकडे बघत म्हणाली, "त्या माणसाला माहीत आहे की बस थांबणार. तुला माहीत नाही. मला तुझंच खरं वाटतं." मग दाराकडे वळली आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली, "गाण्यात आहे. चालू करा."

गेर्डा मशीनकडे गेली. पहिले काही उंडे तिनं रडत ठेवले. मग रडू थांबलं असावं, कारण तबकड्या चांगल्या निघाल्या.

गाणं दुसऱ्या कंपनीच्या आधी दुकानात पोचलं. ज्यूकबॉक्सवाल्यांनी, म्हणजे नाणं टाकून गाणं ऐकायच्या पेट्या हॉटेलांत ठेवणाऱ्यांनी, लगोलग उचललं. आठवडाभर आम्ही सगळ्या हवेत होतो. गेर्डाच्या आईनं म्हणे जिना पुसताना कुणाच्या तरी दारामागून मुलीचा आवाज ऐकला आणि बादली घेऊन तिथेच बसली.

आणि मग तबकड्या परत यायला लागल्या. खोकीच्या खोकी. गिऱ्हाईक म्हणे, तबकडी उडते. दुकानदार बिचारे दुसरी देत, तीही उडे. आम्ही त्या एकेक करून परत ऐकायच्या आणि काही खोट नाही म्हणून सांगायचं. कंपनी वैतागली. हेर ब्रांटना ती जागा आता सुचलेली वगैरे वाटेना. त्यांनी गेर्डाला बोलावून गाणं परत गाऊन घेतलं, सरळ, एकदाच हाक मारून. तीही तबकडी मी ऐकली. इस्त्री केल्यासारखी. तिच्यात बस सुटत नव्हती आणि कुणी धावतही नव्हतं. तोवर दुसऱ्या कंपनीच्या गायिकेनं रेडिओ काबीज केला होता. गेर्डाला पुन्हा कुणी बोलावलं नाही. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. फ्राउ इल्झंला मी एकदा विचारलं की आपण चुकलो का. ती म्हणाली, आपल्याला तबकडीत खोट आहे का एवढंच विचारलं होतं. पण त्यानंतर ती गेर्डाला कँटीनमध्ये आपल्या शेजारी बसवायला लागली.

गेर्डा काही कुढत बसली नाही. मशीनवर उभी राहिली, पुढे फोरमनची मदतनीस झाली. शनिवारी मात्र गाईनाशी झाली. कुणी ते गाणं म्हण म्हटलं की 'कुठलं, उडतं की सरळ?' असं हसून विचारायची आणि विषय बदलायची. मला ते हसणं आवडायचं नाही.

दोनेक वर्षांनी तो अमेरिकन गायक स्टुटगार्टला आला. त्याचीही सद्दी संपत आली असावी, कारण रविवारी दुपारी एका साध्याशा सभागृहात कार्यक्रम होता. अर्धे छावणीतले सैनिक आणि अर्धी आजूबाजूच्या गावांतली तरुण मंडळी. गेर्डा नको नको म्हणत होती, मीच तिला ओढून नेलं. साडीवर कोट घालून रॉक अँड रोल ऐकायला गेलेली त्या दुपारी मी एकटीच असेन. हे घरी आमच्या वर्षाच्या मुलीला सांभाळत बसले होते.

तो आला. तबकडीत वाटायचा त्यापेक्षा थकलेला, पण पियानोवर बसला आणि वय उतरलं. शेवटी त्यानं ते गाणं काढलं. पहिलं कडवं झालं, त्यानं हाक मारली, "वेट फॉर मी." त्याच वेळी समोरची सगळी पोरं जर्मनमध्ये ओरडली, "वार्ट आउफ..." आणि तुटली, आणि परत, "वार्ट आउफ मिश!" त्याचं म्हणून झालं होतं आणि सभागृह अजून हाक मारत होतं.

मला आधी कळेचना. मग कळलं. आकाशवाणीनं काही वाजवू दे, गावोगावच्या ज्यूकबॉक्समध्ये पहिल्या घाण्याच्याच तबकड्या होत्या. त्या कुणी परत केल्या नव्हत्या. ही पोरं दोन वर्षं त्याच ऐकत, त्यांच्यावरच नाचत आली होती. त्यांचं गाणं तेच होतं.

पियानोवरचे हात थांबले. त्याला वाटलं असावं आपलं काही चुकलं. दुसऱ्या कडव्याला त्यानं हाक अर्धीच मारली, कानामागे हात धरला आणि थांबला. सगळं सभागृह तुटलं आणि पुन्हा हाक मारून उठलं. तो मोठ्यानं हसला. तिसऱ्या कडव्याला त्यानं स्वतःच तसं म्हटलं, तुटून, परत उचलून, आणि खरं सांगते, त्याच्याही आवाजात तेव्हा बस सुटली.

गेर्डा तेवढी ओरडत नव्हती. हात मांडीवर ठेवून बसली होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पुढचे, मागचे, शेजारचे सगळे तिचं गाणं म्हणत होते आणि ती कोण ते एकालाही ठाऊक नव्हतं. मी उठून ओरडून सांगणार होते, तिनं माझा पदर घट्ट धरून मला खाली बसवलं.

गाणं संपल्यावर त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि पुढच्या रांगेतल्या पोरांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. सैनिक हसले. गेर्डानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "तो विचारतोय, हे तुम्हाला कुणी शिकवलं."

गेर्डानं नाक पुसलं. स्टेजकडे बघत, अगदी सरळ आवाजात ती म्हणाली, "त्यानंच."